नितळ चेहरा

पार्लरवाल्या ताईंचा हात हलका, हे सगळी गल्ली जाणून होती. भुवया कोरताना त्यांच्या दोऱ्यानं कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलं नाही. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, केस धुवायचं बेसिन, भिंतभर आरसा, आरशाभोवती दिवे आणि खाली ड्रॉवरांची रांग. मधल्या दाराला पडदा होता आणि पडद्यापलीकडे संसार. कुकरची शिट्टी झाली की गिऱ्हाइकाच्या तोंडाला लेप फासून ताई आत पळत, गॅस बंद करत, आणि लेप वाळायच्या आत परत हजर.

त्यांच्या स्वतःच्या गालांवर मात्र बारीक बारीक खड्डे होते. कुणाची नजर तिथे रेंगाळली की त्या आपणहूनच हसून म्हणत, "दुसऱ्यांची घरं रंगवणाऱ्याच्या भिंतींना कायम पोपडे, बाई!" बायका हसत आणि विषय तिथंच मिटे.

त्या खड्ड्यांमागची गोष्ट त्यांनी फार कुणाला सांगितली नव्हती. शिक्षण सुटल्यावर कोवळ्या वयात त्या एका मोठ्या दुकानात अत्तरं विकायला उभ्या राहत. गोड बोलत, चटपटीत होत्या. मग चेहऱ्यावर मुरुमं उठली आणि उठतच राहिली. एके दिवशी मालकानं सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्यापासून तू मागे, गोदामात. इथे समोर प्रसन्न चेहरा लागतो." पुढची कित्येक वर्षं त्यांनी गोदामात खोकी दुमडली. पार्लरचं काम शिकल्या, लग्न झालं, नाव झालं, पण ते वाक्य काही पुसलं गेलं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस अबोल, कामात चोख. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोगद्यांत लोंबकळायचा आणि घरी आला की म्हणायचा, "जमिनीवर आलो बुवा." दोघांना एकच मुलगी. लहानपणी घास दोन्ही गालांत साठवून बसायची, गिळायचीच नाही, म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं खारू. गाल उतरले, मुलगी उंच झाली, शाळेत टेबल टेनिसमध्ये भल्याभल्यांना पाणी पाजू लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

खारूच्या कपाळावर पहिली पुटकुळी आली तेव्हा ताईंना ते गोदाम आठवलं. बघता बघता गाल, हनुवटी सगळं भरलं. खारूला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. "आई, आमच्या वर्गात सगळ्यांनाच आलीत," ती म्हणाली. ताई म्हणाल्या, "सगळ्यांची आई पार्लरवाली नाहीये."

त्यांनी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या, काही आठवडे घ्यायला सांगितल्या, आणि पुन्हा दाखवायला बोलावलं. औषध लागू पडलं. मुरुमं विरली, डागही फिकुटले. आता चेहरा इतका छान झालाय तर औषध थांबवायचं कशाला, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची, असा विचार करून ताई पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेल्याच नाहीत. ओळखीचा औषधवाला कॅप्सूल देत राहिला. पार्लरला माल पुरवणारी एक बाई होती, तिनं आणखी एक डबी दिली. म्हणाली, "अ जीवनसत्त्व आहे. आतून चमक येते, बघा तुम्ही." शाळेतून खारू आली की ताई आरशाखालचा ड्रॉवर उघडून दोन्ही तिच्या तळहातावर ठेवत, वर पाण्याचा पेला. क्रीम, लेप आणि कापसाच्या बोळ्यांच्या शेजारी पडलेल्या त्या डब्यांना औषध म्हणावं, असं त्यांच्या कधी डोक्यातही आलं नाही.

खारूचा चेहरा काचेसारखा नितळ झाला. गिऱ्हाइकं विचारत, "ताई, लेकीला काय लावता हो?" ताई नुसत्या हसत. आयुष्यात एक लढाई आपण जिंकली, असं त्यांना वाटे.

डोकेदुखी सुरू झाली ती हलक्या पावलांनी. सकाळी उठलं की डोकं जड. मग शाळेतून येताना. मग दिवसभर. खारू म्हणायची, "दुखतं म्हणजे ठणकत नाही गं. आतून कुणीतरी पंपानं हवा भरतंय असं वाटतं. आडवं झालं की जास्तच." कधी म्हणायची, "माझ्या कानात माझीच नाडी वाजते, फुस् फुस्." ताईंनी कानात तेलाचे थेंब घातले.

नेहमीच्या डॉक्टरांनी आधी चष्म्याचा नंबर काढून घ्यायला सांगितलं. थोडा नंबर निघाला, चष्मा आला, डोकं दुखतच राहिलं. मग डॉक्टर म्हणाले, मायग्रेन असेल. मग म्हणाले, झोप कमी आहे, मोबाइल जास्त आहे, हे वयच असं असतं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

"छे हो," ताई म्हणाल्या, "साधी तापाची गोळी घ्यायची तरी घर डोक्यावर घेते ती."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पार्लरमध्ये तर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं पित्त असेल, कुणी म्हणालं उशी बदला, कुणी म्हणालं केस इतके घट्ट बांधू देऊ नका. एक शेजारीण डोळे बारीक करून म्हणाली, "परीक्षा जवळ आली की दुखतं का हो?" ताईंनी तिचा दोरा जरा जोरात ओढला, पण शब्द मनात रुतला तो रुतलाच. कारण शाळेतल्या बाईंनीही तेच सुचवलं होतं. मुलगी हुशार आहे, पण हल्ली टाळते. पुस्तक उघडलं की डोकं धरून बसते. टेबल टेनिसच्या बाईंचंही गाऱ्हाणं होतं, समोरून आलेला सोपा चेंडू हिला दिसत कसा नाही? लक्ष कुठे असतं?

ताईंना आधी लेकीचा कळवळा येई. हळूहळू कळवळ्याला शंकेची कीड लागली. डॉक्टरांकडे इतक्या चकरा झाल्या, रक्त तपासून झालं, कुठे काही सापडत नाही, म्हणजे मुळात काही नसेलच. वार्षिक परीक्षेच्या दिवशी खारू डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिली, तेव्हा ताईंचा धीर सुटला. त्यांनी पांघरूण ओढून काढलं.

"पुरे झाली नाटकं! ऊठ!"

खारू उठली. भिंतीला हात लावत लावत न्हाणीघरात गेली. परीक्षा दिली, पण अर्धा पेपर कोरा. घरी आल्यावर बापानं विचारलं तर एवढंच म्हणाली, "ओळी एकमेकींवर चढत होत्या, बाबा."

त्यानंतर तिनं तक्रारच करायची सोडली. ताई विचारत, "आज डोकं कसं आहे?" ती म्हणे, "ठीक." चार-सहा वेळा असं झाल्यावर ताईंना हायसं वाटलं. त्या म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलंस तर जातं की नाही?"

खारू दप्तर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "दुखतंय म्हटलं की तुला खोटं वाटतं. नाही म्हटलं की तुला बरं वाटतं. म्हणून मी नाही म्हणते."

ताईंना तेव्हा राग आला. हल्लीच्या मुली किती लावून बोलतात, असं त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाशी बोलल्याही.

एके दुपारी एका नवऱ्या मुलीच्या तोंडाला लेप लावून ताई तिच्या मानेला मालिश करत होत्या. खारू शाळेतून आली. ड्रॉवरमधलं तिचं तिनं घेतलं, पाणी प्यायली. लेपाचा ब्रश खाली पडला होता तो उचलायला वाकली. उठून उभी राहिली आणि तशीच थांबली. एक हात हवेत पुढे करून ती खुर्चीची पाठ चाचपडू लागली.

"आई," ती म्हणाली, "लाइट गेली का गं?"

आरशाभोवतीचे सगळे दिवे लख्ख पेटलेले होते. नवरी मुलगी लेपातून डोळे उघडून बघत राहिली. ताईंचे हात तेलानं माखलेले, तशाच हातांनी त्यांनी लेकीचे खांदे धरले. काही क्षणांनी खारूला पुन्हा दिसू लागलं. "येतं परत," ती आईचीच समजूत काढत म्हणाली. "वाकलं की असं होतं हल्ली. येतं लगेच परत."

"हल्ली म्हणजे? कधीपासून?"

खारू हातातला ब्रश पुसू लागली.

ताईंनी त्या नवरीचं तोंड कसंबसं पुसलं, तिची माफी मागितली, पार्लरचं दार लावलं आणि नवऱ्याला फोन केला. तो हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच घेऊन, ग्रीसचे हात घेऊन, थेट डोळ्यांच्या दवाखान्यात आला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून त्यांनी खारूच्या डोळ्यांत उजेड टाकला आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. एकदा उजवा, एकदा डावा, पुन्हा उजवा. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "डोळ्यामागची नस सुजली आहे. दोन्ही बाजूंची. डोक्यातला दाब वाढला की असं होतं. ही मुलगी किती दिवस हे अंगावर काढतेय?"

ताई लेकीकडे वळल्या. खारूच म्हणाली, "खूप दिवस."

दाब कशानं वाढतो, असं बापानं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ असू शकते, रक्ताची गुठळी असू शकते, आजच मोठ्या इस्पितळात न्या. त्या संध्याकाळी बोगद्यासारख्या यंत्रात खारूला सरकवलं, तेव्हा बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रोज बोगद्यात उतरणारा माणूस, पण लेकीला आत जाताना त्याला बघवेना.

गाठ नव्हती. गुठळीही नव्हती. बापाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ताईंनी मनातल्या मनात सगळ्या जगाचे आभार मानले. मग पाठीच्या मणक्यातून सुई घालून पाणी काढलं. खारूनं आईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. पाण्याचा दाब फार वाढलेला निघाला. मग एवढा दाब वाढला कशानं, हे कोडं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मुद्दाम इस्पितळात, वॉर्डात आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या. "हिला कुठलं औषध चालू आहे? गोळ्या? ताकदीचं काही?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगून थकले मी. काही नाही."

डॉक्टरीणबाई खारूकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सहजच विचारलं, "तुला मुरुमं येत नाहीत का गं? या वयात इतका नितळ चेहरा मी फारसा बघितला नाहीये."

तेवढ्या दुखण्यातही, तेवढ्या दमणुकीतही ताईंचा चेहरा खुलला. लेकीचं कौतुक झालं की कुठल्या आईचा खुलत नाही? "अहो, केवढी आली होती! चाळणी झाली असती चेहऱ्याची. मी सांभाळलं. डॉक्टरांच्या कॅप्सूल होत्या, त्या मी बंदच पडू दिल्या नाहीत. शिवाय चमक येण्याच्या दुसऱ्या, अ जीवनसत्त्वाच्या. एक दिवस चुकवला नाही मी. वर्ष व्हायला आलं."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की समोरची बाई हसत नाहीये.

"दोन्ही एकत्र?" डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं. "अजून चालू आहेत?"

"कालपर्यंत," खारू म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. कितीतरी मुलं ही औषधं घेतात, त्यांना काही होत नाही. पण क्वचित कुणाच्या डोक्यातला दाब त्यांनी वाढतो, आणि दोन्ही मिळून घेतली की धोका आणखी. वेळेत बंद केली तर बहुतेक सगळं पूर्ववत होतं. 'वेळेत' हा शब्द त्यांनी जरा घाईनंच उच्चारला. जाताना ताईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही लपवलं नाहीत, हे मला कळतंय."

 ताईंची नवऱ्याकडे बघायची छाती होईना. त्याचं बोलणं ऐकावं लागेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तो एवढंच म्हणाला, "मीही कधी विचारलं नाही, पोरीला रोज काय देतेस ते." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

खारू छताकडे बघत पडली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही मला दोष देईल, ताईंना वाटलं, आणि द्यावाच तिनं. खारूनं मान वळवली.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते ना, आई?"

ताईंनी तोंडात पदर कोंबला. "नाही गं. नाही गं राजा."

"बरं," खारू म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली.

कॅप्सूल बंद झाल्या. दाब उतरवणारं औषध सुरू झालं. पण नजर उतरतच होती, म्हणून नसेवरचा ताण कमी करायला शस्त्रक्रियाही करावी लागली. डोकेदुखी गेली, ती पुन्हा आली नाही. कानातली नाडी थांबली. समोरचं सगळं खारूला दिसू लागलं. वाचता येऊ लागलं, माणसं ओळखू येऊ लागली. गेलं ते कडेचं. डावीकडून, उजवीकडून, खालून, चौकटीसारखं काहीतरी मिटून गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे मेलं ते मेलं, जे राहिलंय ते आपण जपू.

नेहमीचे डॉक्टर घरी येऊन गेले. खुर्चीच्या टोकावर अवघडून बसले. "मी तिच्या डोळ्यांत एकदा बत्ती टाकून बघायला हवं होतं," ते म्हणाले. ताईंनी त्यांना चहा दिला. दोष वाटून घ्यायला कुणी आलं म्हणून तो हलका होत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

टेबल टेनिस सुटलं. खारूनं एकदा प्रयत्न केला होता. मैत्रिणी मुद्दाम सावकाश, अगदी समोर चेंडू टाकत होत्या. ते लक्षात आल्यावर तिनं बॅट ठेवून दिली आणि परत कधी हातात घेतली नाही. रस्त्यानं चालताना ती माणसांना धडके, लोक चिडून म्हणत, "आंधळी आहेस का?" खारू म्हणे, "अर्धी." आणि पुढे जाई. तिच्या जिभेला एक धार आली, जी आधी नव्हती.

आणि मुरुमं परत आली. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे. एका सकाळी ती आरशासमोर वेणी घालत होती. सवयीनं ताईंचा हात तिच्या गालाकडे गेला. फुटलेली एक पुटकुळी कापसानं टिपावी, एवढंच मनात होतं. खारूनं मान झटकन मागे घेतली.

"हात नको लावूस."

आवाज चढलेला नव्हता. ताईंनी हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी कंगव्यातले केस काढायला घेतले.

पार्लर त्यांनी बंद केलं नाही. पोट होतं, औषधं होती, आणि दुसरं काही येत नव्हतं. पण चेहऱ्याची कामं त्यांनी कमी केली. केस कापत, मेंदी लावत, नखं करत. कुणी आई आपल्या मुलीला हाताला धरून आणे, "ताई, हिच्या तोंडाचं काहीतरी करा हो." ताई त्या मुलीला खुर्चीत बसवत, आधी विचारत, रोज काय काय पोटात घेतेस, अगदी सगळं सांग. मग विचारत, "डोकं दुखतं का?" आई बिचारी बुचकळ्यात पडे. मुरुमांचा आणि डोक्याचा काय संबंध? ताई तो संबंध समजावून सांगत, स्वतःच्या घरातला म्हणूनच सांगत, काही झाकून न ठेवता. काही बायका ऐकून परत आल्या नाहीत. ज्या बाईनं स्वतःच्या लेकीचं असं केलं, तिच्या हातात आपली कशी द्यायची? ताईंनी त्यांना कधी बोल लावला नाही.

दर काही महिन्यांनी नजर तपासायला जावं लागे. तपासणीची खोली अंधारी असे. खारू एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसे, हातात एक बटण. वाडग्याच्या आत कुठेतरी बारीक ठिपका चमकायचा, तो दिसला की बटण दाबायचं. ठिपका जागा बदलताना यंत्र कुरकुरे.

ताई भिंतीलगतच्या स्टुलावर बसून ऐकत. यंत्र कुरकुरलं की बटणाची टिचकी यायला हवी. कुरकुर, टिचकी. कुरकुर, टिचकी. मग कुरकुर, आणि काही नाही. पुन्हा कुरकुर, आणि काही नाही. त्या प्रत्येक शांततेत लेकीच्या डोळ्यांसमोर एक दिवा लागून विझत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. सुरुवातीला ताई डोळे मिटून घेत. आता त्या उघडे ठेवत. हे ऐकायचं, एवढं तरी आपण चुकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

तपासणी संपली. दिवा लागला. खारू डोळे चोळत उठली.

"किती ठिपके हुकले?" तिनं यंत्र चालवणाऱ्या बाईंना विचारलं.

"परीक्षा नसते गं ही," बाई म्हणाल्या. "मागच्याइतकंच आहे. वाढलं नाहीये."

"कमी?"

"कमीही नाही."

खारूनं मान हलवली. दाराशी उंबऱ्याची पायरी होती. खालचं तिला दिसत नसे. ताई पटकन पुढे झाल्या, हात पुढे केला आणि अर्ध्यातच थांबवला. नुसतं म्हणाल्या, "पायरी आहे."

"माहितेय," खारू म्हणाली. तिनं पाऊल पुढे टाकून कड चाचपली, सावकाश उतरली, आणि बाहेरच्या उजेडात आईसाठी क्षणभर थांबली.